सत्तर रुपयांचे युनिट आणि आमचा जनरेटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात एका वाचकाचे पत्र आहे. तेलावर चालणारे एक छोटे वीज केंद्र वर्षात जेमतेम पन्नास तास चालते, त्याची वीज युनिटला सत्तर रुपयांना पडते, तेव्हा असले पांढरे हत्ती पोसणे बंद करा, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच रविवारी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चौदाव्या मजल्यावरच्या एका सभासदांनी पोडियममधला (इमारतीखालच्या पार्किंगच्या मजल्यावरचा) जनरेटर विकून टाकण्याचा ठराव मांडला. त्यांचा आकडा युनिटला १६५ रुपये. गुणाकार-भागाकारात दोघांचीही चूक नाही. पण भागायचे कशाने, हे दोघांचेही चुकले आहे, आणि सभेत मला बोलायला मिळाली तीन मिनिटे. म्हणून हे पत्र.

आधी ओळख. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो. म्हाडाची चार मजली इमारत पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये. शिक्षणाने मरीन इंजिनिअर. नऊ वर्षे जहाजावर काढली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा बायको म्हणाली, आता जमिनीवर या. आलो जमिनीवर, पण विक्रोळीच्या नव्हे. दक्षिणेत किनाऱ्याजवळच्या एका छोट्या वीज केंद्रात लागलो. नव्वदच्या दशकात दक्षिणेत विजेचा तुटवडा होता आणि अशी डिझेल इंजिनांची केंद्रे बरीच निघाली: केरळात ब्रह्मपुरम, कोझिकोडजवळ नल्लळम, बंगळूरला येलहंका. आमचे त्याहून लहान. पाच मेगावॅटची चार मशिने, एकूण वीस. जहाजावर असतात तसलीच इंजिने, फक्त हलत नाहीत. बायकोचे यावर जे मत होते ते इथे लिहीत नाही. तिथे एकवीस वर्षे काढली, त्यातली शेवटची अकरा शिफ्ट इनचार्ज म्हणून.

पत्रलेखकांना वाटते, बंद केंद्र म्हणजे कुलूप लावलेले गोदाम. तसे नसते. आम्ही जाळायचो ते जड तेल; थंड झाले की डांबराचा धाकटा भाऊ. पंपाला ओढता यावे म्हणून टाकीत ते पन्नास अंशांच्या आसपास ठेवायचे, तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरमध्ये अठ्ठ्याण्णव, आणि सिलिंडरमध्ये तेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाताना सव्वाशेच्या आसपास. मशीन बंद असले तरी सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधले पाणी गरम ठेवायचे, वंगणाचा पंप अधूनमधून फिरवायचा, सुरुवातीच्या हवेच्या बाटल्या तीस बारला भरलेल्या हव्यात. दर पाळीला इंडिकेटर कॉक (सिलिंडरची छोटी तोटी) उघडून टर्निंग गिअरने हळूहळू इंजिन फिरवून बघायचे, सिलिंडरमध्ये पाणी तर शिरले नाही ना. शिरलेले असताना स्टार्ट दिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग चौकशी समितीसमोर आपण. हे सगळे केले तर लोड डिस्पॅचचा (ग्रिड चालवणाऱ्या नियंत्रण कक्षाचा) फोन आल्यापासून दहा-बारा मिनिटांत मशीन पूर्ण लोड घेते. थंड पडू दिले तर तेच काम कित्येक तासांचे. विकायला होती ती ही दहा-बारा मिनिटे. वीज त्यानंतरची गोष्ट.

गंमत म्हणजे वीज विकणारे हे केंद्र वर्षातले बहुतेक दिवस ग्रिडकडून वीज विकत घ्यायचे. हीटरना, पंपांना, दिव्यांना. आणि मशीन दोन तासांसाठी चालवले तरी सुरू करताना डिझेल, बंद करण्याआधी पुन्हा डिझेल, नाहीतर जड तेल पाइपातच गोठणार. एकेका स्टार्टचा असा वेगळा खर्च असतो. तो युनिटच्या भावात कुठे बसवायचा यावर आमच्या हिशेबनिसाचे आणि माझे दरवर्षी मार्चमध्ये वाजायचे.

आता आकडे. इंजिन चांगल्या स्थितीत असेल तर एका युनिटला साधारण २१० ग्रॅम तेल लागते. तेल किलोला पन्नास रुपये धरले तर इंधनाचे झाले साडेदहा रुपये. हा खर्च मशीन चालले तरच. दुसरा खर्च चालो न चालो, बसतोच: चार पाळ्यांची माणसे, विमा, देखभाल, हीटरची वीज, आणि टाकीतले तेल. आमची टाकी ५०० टनांची. वीस मेगावॅटला तासाला ४.२ टन, म्हणजे पाच दिवसांची बेगमी. वरच्याच भावाने ते अडीच कोटींचे तेल. दहा टक्क्यांनी न जाळलेल्या तेलाचेच वर्षाचे व्याज पंचवीस लाख. कर्ज फिटलेल्या जुन्या केंद्राचा असा सगळा बांधलेला खर्च गणितापुरता किलोवॅटमागे वर्षाला ३,००० रुपये धरा. वीस मेगावॅटचे सहा कोटी.

हे सहा कोटी पन्नास तासांवर, म्हणजे दहा लाख युनिटांवर पसरले की युनिटला साठ रुपये. त्यात साडेदहा मिळवा. झाले पत्रलेखकांचे सत्तर. तेच केंद्र दोनशे तास चालले तर साडेपंचवीस, हजार तास चालले तर साडेतेरा. केंद्र तेच, माणसे तीच, तेल तेच. म्हणजे सत्तर हा आकडा केंद्राबद्दल फारसे सांगतच नाही. त्या वर्षी ग्रिडवर वाईट संध्याकाळी किती आल्या ते सांगतो. एकही आली नाही तर एका युनिटची किंमत अनंत, आणि ते वर्ष सगळ्यात चांगले. अग्निशमन दलाचा खर्च विझवलेल्या आगींनी भागून कुणी पाहत नाही. विजेचा मात्र आपण पाहतो, कारण वीज म्हटली की युनिट, एवढेच बिलावरून आपल्याला ठाऊक.

खरे तर बिलावरही दुसरी ओळ असते, 'स्थिर आकार'. ती कुणी वाचत नाही. माझ्या गणितातला बांधलेला खर्च किलोवॅटला महिन्याला २५० रुपये होतो. तो महाग की स्वस्त, यावर जरूर भांडावे, पण भांडण त्या आकड्यावर असावे. आणि भांडताना पर्याय समोर ठेवावा. संध्याकाळच्या दोन तासांसाठी कोळशाचे केंद्र उभे करून भागत नाही. बांधायला खर्च जास्त, आणि थंड बॉयलर तापवण्यातच सगळी संध्याकाळ निघून जाते.

आता आमचा जनरेटर. १२५ केव्हीएचा. वीज गेली की तीन लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे त्याच्यावर. सरासरी लोड २८ किलोवॅट, म्हणजे मशीन गरजेपेक्षा बरेच मोठे घेतले आहे. (बिल्डरने कोणत्या हिशेबाने घेतले, ते बिल्डरलाच माहीत. एवढ्या हलक्या लोडवर डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो आणि लिटरला अडीच युनिटच मिळतात. गेल्या वर्षी मुंबईत डिझेल नव्वदच्या घरात होते. नुसते इंधनच युनिटला छत्तीस रुपये.) गेल्या वर्षीच्या नोंदवहीप्रमाणे तो १७ तास चालला. वार्षिक देखभालीचे ३८,००० रुपये. ऑइल आणि फिल्टर २४,०००. तास भरले नाहीत तरी वर्षाला बदलावे लागतात. डिझेल १८७ लिटर, १६,८३० रुपये. एकूण ७८,८३०. भागिले ४७६ युनिट, उत्तर १६५. सभेत हा आकडा वाचला गेला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली.

मी तीन मिनिटांत एवढेच म्हणालो की ७८,८३० भागिले १२० घरे भागिले बारा करा. पंचावन्न रुपये येतात. विसाव्या मजल्यावर राहायचे आणि महिन्याला पंचावन्न रुपये जास्त वाटत असतील, तर विका खुशाल. यावर टाळ्या मिळाल्या. पण मला त्या तीन मिनिटांत जे सांगायचे होते ते राहूनच गेले, आणि माझ्या मते मुख्य गोष्ट तीच.

मार्चमधली गोष्ट. रस्त्याच्या काँक्रीटच्या कामात जेसीबीने केबल तोडली. संध्याकाळचे सात चाळीस. मी खालीच होतो. जनरेटरच्या पॅनलने नियमाप्रमाणे तीन वेळा स्टार्ट द्यायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा टक-टक एवढाच आवाज, आणि मग लाल दिवा. बॅटरीत पाणीच नव्हते. आमचे एक शेजारी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. ते नेमके तेव्हाच परतले होते आणि वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. जिना चढणे त्यांना शक्यच नव्हते. शेवटी नाक्यावरच्या एका टेम्पोवाल्याने गाडीची बॅटरी काढून दिली, केबल लावल्या, जनरेटर उठला. तोवर आठ पन्नास झाले होते. एक तास दहा मिनिटे ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत. टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी कॅनॉपीच्या (जनरेटरवरच्या पत्र्याच्या पेटीच्या) दाराला लटकवलेला तक्ता पाहिला. दर शनिवारी दहा मिनिटे चाचणी, बावन्न शनिवार, बावन्न सह्या, सगळ्या एकाच पेनाच्या. मग मशीन किती तास चालले ते मोजणारा अवर मीटर पाहिला. वीज गेलेले तास ८ तास २० मिनिटे, बावन्न चाचण्यांचे ८ तास ४० मिनिटे, असे नोंदवहीतले १७. मीटर मात्र वर्षभरात फक्त ९ तास सरकला होता. म्हणजे चाचण्या झाल्या त्या चार. उरलेल्या अठ्ठेचाळीस कागदावर, आणि त्यांचे ८८ लिटर डिझेल कुठल्या मशीनमध्ये जळले ते देखभालवाल्यालाच माहीत. चौदाव्या मजल्यावरच्या सभासदांनी खऱ्या तासांनी भागले असते तर त्यांना १६५ ऐवजी ३१३ रुपये मिळाले असते आणि ठराव बहुधा मंजूर झाला असता.

तर, संपादक महाशय, उधळपट्टी आहे, पण ती पत्रलेखक दाखवतात तिथे नाही. वर्षभर उभे राहून एका संध्याकाळी पहिल्या स्टार्टला उठणारे मशीन महाग नाही. वर्षभर पैसे खाऊन त्या संध्याकाळी न उठणारे मशीन फार महाग आहे, आणि युनिटच्या भावात या दोघांत फरकच दिसत नाही.

हे मी सोवळ्यात बसून सांगत नाही. आमच्या केंद्राला किती मशिने उपलब्ध आहेत ते रोज लोड डिस्पॅचला कळवावे लागे. तेवढ्यावर बांधलेले पैसे मिळत. एकदा तीन नंबरच्या मशीनच्या सिलिंडर हेडला तडा गेला. सुटे भाग यायला नऊ दिवस होते. आम्ही नऊही दिवस चार मशिने 'उपलब्ध' कळवली. वरून तसे सांगितले होते, हे खरे, पण फोनवर आकडा सांगणारा आवाज माझा होता. त्या नऊ दिवसांत आम्हाला एकदाही स्टार्ट आला नाही. कुणाला कळले नाही, कुणाचे बिघडले नाही, आणि कागदावर आम्ही शंभर टक्के तयार होतो. आमच्या तक्त्यावरच्या त्या बावन्न सह्या पाहिल्या तेव्हा मला देखभालवाल्याचा राग आला, पण तितका नाही जितका यायला हवा होता.

कुणी म्हणेल, बांधलेल्या खर्चाची वकिली महाराष्ट्रात करू नका, इथे एन्रॉन होऊन गेला. आठवण योग्यच आहे. एन्रॉनच्या दाभोळ वीज केंद्राचा पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, मे १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला. भाव युनिटला सात रुपयांच्या वर गेला, आणि मे २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदीच थांबवली. नाफ्ता महागला, रुपया घसरला, हे झालेच. पण मंडळाने महाग म्हणून वीज कमी उचलली की ठरलेला बांधलेला खर्च थोड्या युनिटांवर पडायचा आणि भाव आणखी चढायचा. वर केलेलेच गणित, फक्त शून्ये जास्त. मात्र दाभोळ हे अडीअडचणीसाठी बांधलेले केंद्र नव्हते. दिवसरात्र चालायचे म्हणून बांधलेले, त्या मापाचा बांधलेला खर्च असलेले केंद्र, महागाईने अडीअडचणीच्या कामावर येऊन पडले. वरातीसाठी घेतलेला हत्ती दळण आणायला लावावा तसे. त्यावरून दळणाची सायकलही विकून टाकायची, हा धडा नव्हे.

मुंबईचे नशीब असे की आपल्याकडे हे अडीअडचणीला पटकन उठायचे काम पाण्याने केले. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून, मग भिवपुरी, मग भिरा. झडप उघडली की काही मिनिटांत वीज, तेल नको, धूर नको. राज्यासाठी कोयना आहे, पण तिथे पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे, ते पाणी जपूनच वापरावे लागते. ट्रॉम्बेचा ५०० मेगावॅटचा सहावा संच तेलावरही चालायचा. तेल महागले तसा तो मागे पडला. आणि बाहेरची वीज स्वस्त म्हणून आपण बाहेरून घेत राहिलो. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास कळव्याकडून येणारा पुरवठा कोसळला तेव्हा शहराने स्वतःला वेगळे काढून आपल्या केंद्रांवर तगून राहायचे, अशी योजना होती. ती तगली नाही. शहरात त्या घडीला चालू असलेली निर्मिती मागणीला पुरणारी नव्हती. लोकल जागच्या जागी थांबल्या. रुळावरून चालत आलेल्या माझ्या भाचीने त्या दिवशी मला विचारले होते, मामा, तुमचे ते इंजिन मुंबईत का नाही? त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये खारघरहून आमच्याच विक्रोळीपर्यंत ४०० केव्हीची लाइन आली. चांगलेच झाले. पण मे महिन्यात शहराची मागणी चार हजार मेगावॅटच्या पुढे जाते, आणि लाइन म्हणजे निर्मिती नव्हे.

भाचीला मी तेव्हा जे सांगितले तेच आजही सांगेन. जड तेलाची इंजिने मुंबईत नकोत. चेंबूर-माहुलच्या लोकांनी पुरेसा धूर खाल्ला आहे. आता बॅटऱ्या आल्या आहेत, संध्याकाळचे दोन-चार तास त्या सांभाळतील आणि आमच्या दहा-बारा मिनिटांच्या जागी क्षणात उठतील. माझ्यासारख्यांचा धंदा बसला, बसू दे. फक्त एवढे लक्षात ठेवा की बॅटरी चार तासांत संपते. टाकीतले तेल पाच दिवस पुरायचे. आणि बॅटरीचाही खर्च बहुतांशी बांधलेलाच असणार. तीन वर्षांनी कुणीतरी तिचाही युनिटचा भाव काढील आणि आपल्याकडे पत्र पाठवील.

म्हणून माझी मागणी दोन ओळींची. तयारीचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक केंद्राला, तेलाचे असो की बॅटरीचे, वर्षातून काही वेळा आधी न कळवता स्टार्ट द्यावा, आणि उठले नाही तर त्या महिन्याचे पैसे कापावेत. किती वेळा उठले तो आकडा भावाशेजारी छापावा. आमच्या काळी असे झाले असते तर त्या नऊ दिवसांत मी खोटे बोललो नसतो. चांगुलपणाने नव्हे, भीतीने.

सोसायटीचा ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. देखभालवाला बदलला. कॅनॉपीची किल्ली समितीने माझ्या गळ्यात घातली आहे. तक्ता फाडून टाकला आणि आता दर शनिवारी मी नुसता अवर मीटरचा आकडा लिहितो. रिकामे मशीन फिरवण्यात अर्थ नाही, लोड घेऊन चालवायला हवे, म्हणून या शनिवारी साडेअकराला दोन लिफ्ट आणि एक पंप जोडून अर्धा तास चालवले. पहिल्या स्टार्टला उठले. तेराव्या मिनिटाला रेडिएटरच्या होजमधून पाणी ठिबकायला लागले. नाक्यावरून चाळीस रुपयांची क्लिप आणून बसवली. पावती खजिनदारांकडे दिली आहे.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इनचार्ज, विक्रोळी (पूर्व)

ता. क. नाव छापू नये. चौदाव्या मजल्यावर तसेही कळेलच.